परवानगी लागत नाही

१५ सप्टेंबर १९९६, जळोची

यास्मिन आज गेली. दुपारपर्यंत उतरली असेल इंग्लंडात.

काल इंदापूरला निरोपाला गेले होते. तांबोळींचं घर माणसांनी भरलेलं. तीन वर्षं माझ्या इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी पोरगी, आता लीड्सला अन्नतंत्राच्या एम.एस्सी.ला. तिचे वडील रशीदभाई, हायवेवर टायर रिमोल्डचं दुकान, काल पांढरा शर्ट घालून दारात उभे. येईल त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, "समदं मॅडमनी सांगितलं. पैसं कसं न्यायचं, ब्यांकेत खातं कसं उघडायचं, काम कुठं बघायचं. आमाला काय ठावं व्हतं?"

मी खोटं का लिहू, बरं वाटलं.

निघताना यास्मिननं मला स्वयंपाकघरात ओढलं. "मॅडम, ते कामाचं नक्की ना? परवानगी वगैरे?"

"अगं छे. परवानगी लागत नाही. शिकता शिकता सगळेच करतात."

ह्यांचा भाचा अमेरिकेत कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावतो. त्याच्यावरून सांगितलं. परत येताना लासुर्ण्याच्या पुढं एस.टी.त मनात आलं, अमेरिका वेगळी, इंग्लंड वेगळं. मग डोळा लागला.

२२ सप्टेंबर

सांगवीला माहेरी, आबांकडं. आबांचे गुडघे आता मेंढरांमागं चालायचे राहिले नाहीत, मेंढरंही राहिली नाहीत, पण बोलणं तेच. पारावरच्या चारचौघांत, मला ऐकू जाईल असं: "आमची मंदा हाय की. इलायतीला जाणारंबी तिलाच इचारून जातंय."

पाचवीत होते तेव्हापासून वस्तीवरचे कागद माझ्याकडं. तलाठ्याची नोटीस, औषधाची बाटली, मुंबईचं पत्र. न आलेला शब्द गाळून पुढं वाचायची. कुणी कधी थांबवलं नाही.

३ ऑक्टोबर

रशीदभाईंचा फोन. यास्मिनचे पैसे अडकले. आधी राहत्या पत्त्याचा दाखला नाही म्हणून तिथल्या बँकेनं खातंच उघडलं नाही. विद्यापीठानं दाखला दिला, खातं उघडलं, तर आता डी.डी. वटायला कित्येक आठवडे लागणार म्हणतात. हातात नेलेले सुटे पौंड संपत आले. पोरगी पाव आणि केळी खाऊन राहतेय. वसतिगृहातल्या एका केनियाच्या मुलीनं थोडे उसने दिले.

"आता तिला काय सांगू, मॅडम? तुमी म्हणाल तसं."

आवाजात राग नाही. त्यानं जास्तच…

"तिथं वेळ लागतो थोडा," मी म्हटलं. जशी काही मी दर वर्षी तिथं डी.डी. भरते.

५ ऑक्टोबर

कॉलेज सुटल्यावर बँकेत गेले. परकीय चलनाचं इथं काही होत नाही, पण साहेब पुण्याहून बदलून आलेत, त्यांना ठाऊक. म्हणाले, फीपुरता डी.डी. ठीक. राहण्या-खाण्याला ट्रॅव्हलर्स चेक न्यायचे, उतरल्या दिवशी वटतात. आणि विद्यापीठाकडून पत्त्याचं पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यायचं, त्याशिवाय तिथं खातं नाही.

"सगळ्याचा डी.डी. काढा म्हणून सांगितलं कुणी त्यांना?"

"त्यांच्या ओळखीतलं असेल कुणीतरी."

साहेब हसले. "लोक विचारतात, पण विचारतात कुणाला!"

मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावर तसंच चिकटून राहिलं होतं बहुतेक. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, उन्हातनं आलेय.

१९ ऑक्टोबर

डी.डी. वटला. शिवाय यास्मिनला काम लागलं, एका हॉटेलात, संध्याकाळचं. मालक आपल्याकडचाच आहे म्हणे. रशीदभाई मिठाई घेऊन थेट आमच्या स्टाफरूममध्ये. सगळ्यांदेखत: "पोरगी महिनाभरात कामाला लागली. मॅडम म्हनल्या व्हत्या तसंच झालं."

प्राचार्य म्हणाले, बाई, तुम्ही आता मार्गदर्शन केंद्रच काढा. जाताना दोन पालक व्हरांड्यात थांबलेले. एकाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला, एकाचा अजून ठरायचाय. दोघांना म्हटलं, दिवाळीनंतर या. निदान तेवढं तरी सुचलं.

२६ ऑक्टोबर

पुण्याला जाऊन आले. बँकेच्या साहेबांचं ते हसणं डोक्यातनं जाईना, म्हटलं एकदा वाचू तरी. ग्रंथालयात परदेशी विद्यार्थ्यांसाठीची इंग्लंडची माहितीपुस्तिका मिळाली. बँकेचं प्रकरण वाचलं. साहेब म्हणाले तेच. पुढचं प्रकरण नोकरीचं.

पासपोर्टवर शिक्का असतो. तिथल्या रोजगार कचेरीची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय पगारी काम करायचं नाही. परवानगी विद्यापीठाच्या मदतीनं काढता येते, अवघड नाही. न काढता काम केलं तर देश सोडावा लागू शकतो.

शेवटचं वाक्य परत वाचलं. माझं इंग्रजी चांगलं आहे. वेगळा अर्थ काही निघेना.

एस.टी.त ठरवलं, घरी पोचल्या पोचल्या रशीदभाईंना सांगायचं. पोचले, फोन लावला. यास्मिनच्या अम्मींनी उचलला. "मॅडम! शंभर वर्षं आयुष्य तुमाला. आत्ता तुमचंच नाव काढलं व्हतं."

मी विचारलं, "थंडी सुरू झाली असेल तिकडं. स्वेटर आहे ना तिच्याकडं?"

दोन आहेत म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

२७ ऑक्टोबर

पुस्तिकेतलं काल ह्यांना सांगितलं होतं. आज हे: "सांगितलंस?"

"त्या गडबडीत होत्या."

ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं, परत वर घेतला. डेअरीत आयुष्य गेलं ह्यांचं, नासलेलं दूध वासावरून कळतं.

२ नोव्हेंबर

आज नक्की म्हणता म्हणता राहिलं. पेपर तपासायचे होते.

१३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. रशीदभाई फराळाला आले. नेहमी चकलीवर ताव मारणारा माणूस, आज एकच घेतली आणि ताटलीत तिचे तुकडे करत बसले.

"मालक तिचं पैसं देत न्हाय, मॅडम. सुरवातीला दिलं, मग नुसतं आज देतो उद्या देतो. परवा लईच मागितलं तर म्हणतो, तुझ्याकडं कागद कुठं हाय? जा, कुठं तक्रार करायची ती कर." मग माझ्याकडं बघून, "कंचा कागद, मॅडम?"

हे शेजारीच बसलेले. मला ह्यांचं बघणं कानाच्या पाळीवर जाणवत होतं.

"असतात काही मालक तसे," मी म्हणाले. "घाबरवायला बोलतात. मी बोलते यास्मिनशी. नंबर द्या मला तिचा."

"तुमी सोत्ता बोलणार?" त्यांचे डोळे भरून आले. हात जोडले मला त्यांनी. माझ्याच घरात, माझ्याच दिवाणावर बसून.

ते गेल्यावर ह्यांनी ताटली उचलली. म्हणाले, "कागद कुठला, ते तुला माहीत होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बसस्टँडजवळच्या आय.एस.डी. बूथवरून यास्मिनला फोन. घरून केला असता तर ह्यांनी ऐकलं असतं. काचेची खोली, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत. दुपार होती, तिकडं नुकतंच उजाडलेलं.

"मॅडम? तुम्ही?" झोपेतला आवाज. मग पटकन जागा झालेला.

मी सांगितलं, परवानगी लागते म्हणून. बोलून टाकलं एकदाचं.

"मला इथं आल्यावर कळलं मॅडम. काम लागल्यावर. बरोबरच्या मुलीनं पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. पण तुम्ही म्हणाला होता लागत नाही, म्हणून मला वाटलं शिक्का सगळ्यांनाच मारत असतील."

म्हणजे शिक्क्यावर छापलेल्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास.

मग म्हणाली, विद्यापीठात परदेशी मुलांसाठी एक ऑफिस आहे, तिथल्या बाई चांगल्या आहेत, त्यांना सगळं सांगू का? मालकाकडचे पैसे राहू देत, पण भीती वाटते. सांगितलं तर परत पाठवतील का? तुम्ही सांगा.

इथं मला थांबता आलं असतं. मीटरचे आकडे पळत होते, तेवढंच कारण असंही नाही. ती बाईंना सांगेल, त्या विचारतील तुला कुणी सांगितलं होतं, मग घरी कळेल, मग इंदापूरला, मग…

"काम सोड आजच्या आज," मी म्हणाले. "आणि झालं ते कुणाला सांगू नकोस. नवीन परवानगी काढ. जुनं बोलूच नकोस."

"बरं मॅडम."

बूथच्या बाहेर आले, उन्हात उभं राहून घाम पुसला. हा सल्ला तिच्यासाठी होता का माझ्यासाठी? लिहून ठेवते, कारण उद्या मी स्वतःला सांगेन की तिच्यासाठीच होता.

२१ डिसेंबर

रशीदभाईंचा फोन. आवाज खुला. यास्मिननं हॉटेल सोडलं, विद्यापीठातल्या बाईंनी रीतसर परवानगी काढून दिली, आता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. पगार थेट खात्यात जमा होतो. ती म्हणे आता नव्या आलेल्या मुलींना बँकेत घेऊन जाते, पत्त्याचं पत्र कसं मागायचं ते शिकवते.

देवापुढं दिवा लावला. मिटलं म्हणावं का?

२८ डिसेंबर

इंदापूरच्या वाचनालयाचं बोलावणं. "परदेशी शिक्षण: बँक आणि नोकरी" यावर माझं व्याख्यान. सुचवलं रशीदभाईंनी.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "कधी ठेवायचं?" असं बाहेर पडलं.

१९ जानेवारी १९९७, रविवार

इंदापूर. व्याख्यान झालं.

हॉल भरलेला. शेतकरी, मास्तर, तहसील कचेरीतले दोघंतिघं, बऱ्याच मुली. रशीदभाई पहिल्या रांगेत. त्यांचा रोजा चालू, तरी माझ्या टेबलावर चहाचा थर्मास त्यांनीच आणून ठेवलेला.

मी यावेळी सगळं वाचून गेले होते. पुस्तिका परत जाऊन वाचली, बँकेच्या साहेबांना तीनदा भेटले, ऑस्ट्रेलियाचं, अमेरिकेचं वेगवेगळं लिहून काढलं. प्रत्येक देशाचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. फीला डी.डी., खर्चाला ट्रॅव्हलर्स चेक, पहिल्या आठवड्यापुरती तिथली रोकड. पत्त्याचं पत्र. आपलं खातं दुसऱ्याला वापरू देऊ नका, मित्र असला तरी. मालक रोखीत पगार देतो म्हणाला तर सावध व्हा. आणि इंग्लंडला जाणार असाल तर रोजगार कचेरीची परवानगी हातात पडल्याशिवाय एक तासही काम करू नका. पासपोर्टवरचा शिक्का आधी वाचा.

ते बोलताना नजर आपोआप पहिल्या रांगेत गेली. रशीदभाई मान डोलवत ऐकत होते. "परवानगी"ला मान डोलायची थांबली. काही हिशोब जुळत नसला की माणूस बघतो तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली, आपल्या हातांकडं.

टाळ्या. नारळ, शाल. एक मुलगी म्हणाली, मॅडम, इतकं नीट आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

स्टँडवर सोडायला रशीदभाई आले, त्यांच्या जीपमधून. वाटेत काही बोलले नाहीत. बारामतीची गाडी फलाटाला लागलेली. माझी पिशवी त्यांच्याच हातात. ती देताना म्हणाले, "यास्मिन म्हणत व्हती, परवानगीचं तुमी तिला आधीच सांगितलं व्हतं. तिनंच नीट ऐकलं न्हाय."

मी पिशवीला हात घातला.

"म्हणत व्हती, मॅडमला दोष देऊ नका, माजीच चूक." पिशवी अजून त्यांच्या हातात. "तसंच झालं का?"

मी "हं" म्हणाले.

पिशवी घेतली आणि गाडीत चढले. शाल खांद्यावर होती. खिडकीतून पाहिलं तर ते अजून तिथंच, एक ट्रक मध्ये आला, मग दिसले नाहीत.

२० जानेवारी

बावीस वर्षांच्या पोरीनं माझी चूक अंगावर घेतली. परक्या देशात, उपाशी राहून, फसवणूक होऊन, वर मला झाकलं. आणि मी हं म्हणाले.

तासाला गेले. मुलं उभी राहिली, "गुड मॉर्निंग, मॅडम." बसा म्हणवेना.

२६ जानेवारी

सांगवीहून आबा आलेत. शाल बघून हट्टानं अंगावर घेतली. "पोरीनं मिळवली," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत. काढून घ्यावीशी वाटली. आबांना काय सांगू?

६ फेब्रुवारी

रशीदभाईंचा फोन. व्याख्यानानंतर पहिलाच. मोजकं बोलले.

त्या हॉटेलावर तिथल्या सरकारी माणसांची धाड पडली. कामावर कोण कोण होतं, ते एकानं सांगितलं. त्यात यास्मिनचं नाव. आता तिला इमिग्रेशनच्या कचेरीत भेटायला बोलावलंय. आणि विद्यापीठातल्या बाईंनी परवानगी काढताना विचारलं होतं, याआधी कुठं काम केलंस का? ती नाही म्हणाली होती.

मी तसंच सांगितलं होतं. जुनं बोलूच नकोस.

"ईदला या घरी. संध्याकाळी तिचा फोन येणार हाय. तुमाला एक इचारायचं हाय."

"येते," म्हणाले.

रात्रीचं जेवण गेलं नाही. ह्यांना सगळं सांगितलं. बूथवरचं, स्टँडवरचं, सगळं. हे ऐकून घेऊन म्हणाले, "मी येऊ बरोबर?" नको म्हटलं.

११ फेब्रुवारी

काल लिहायला हात उचलला नाही. आज लिहिते.

काल ईद. इंदापूरला पोचले तेव्हा दिवस कलला होता. तांबोळींच्या घरात नवे कपडे, अत्तराचा वास, पाहुणे. अम्मींनी खुर्म्याची वाटी हातात दिली. रशीदभाई समोरच्या खुर्चीत. इतरांची बोलणी चाललेली, पण टेलिफोनच्या आसपास सगळे जरा हळू.

"मॅडम," ते म्हणाले, "आता ती फोन करंल. इचारंल, तितल्या सायबापुढं खरं सांगू का न्हाय म्हणून राहू? न्हाय म्हनली तर एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा. खरं सांगितलं तर परत धाडत्याल. वरीस जातंय, पोरीचं नाव जातंय. तुमी काय म्हंता?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं.

"मला माहीत नाही, रशीदभाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. "तुमाला म्हाईत न्हाय?"

"नाही. आधीही नव्हतं. तिनं नीटच ऐकलं होतं. परवानगी लागत नाही असं मीच तिला सांगितलं, ह्याच घरात, आत स्वयंपाकघरात. डी.डी.चंही मीच चुकीचं सांगितलं. आणि काम केलेलं लपव, हेही मीच सांगितलं, फोनवर. स्टँडवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

एका बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. अम्मी माझ्याकडं न बघता वाटी घेऊन गेल्या, अर्धा खुर्मा तसाच होता.

रशीदभाईंनी विचारलं, "मग म्हाईत कुणाला हाय?"

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला.

ते बोलले. व्हय, हाय, खाल्लं का, ईद मुबारक. मग रिसीव्हर माझ्यापुढं धरला. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

लाइन वाईट. माझाच आवाज मला परत ऐकू येत होता.

"यास्मिन, मी चुकले. ऑफिसातल्या त्या बाईंकडं जा, आजच. पहिल्यापासूनचं सगळं खरं सांग. माझं नावही सांग. मग त्या म्हणतील तसं कर."

"मॅडम? ऐकू येत नाही. काय करू?"

"त्या बाईंना विचार! माझं ऐकू नकोस!"

"काय? मोठ्यानं बोला, मॅडम!"

"माझं ऐकू नकोस! मला काही माहीत नाही!"

ओरडले. इतकी की दारातले पाहुणेही वळले. तिकडून खरखर, मग तिचा आवाज, लांबून, अगदी स्पष्ट: "त्या बाई चांगल्या आहेत. पण त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं तर?"

"सांग."

लाइन तुटली.

रिसीव्हर ठेवला. बसावं की जावं कळेना. शेवटी पर्स उचलली. अम्मी आतून बाहेर आल्या नाहीत. रशीदभाई दारापर्यंत आले. चपला घालताना माझा तोल गेला, तर त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला.

"तिची भेट सोमवारी हाय," म्हणाले. "कळवतो."

भेटीचं कळवणार की आणखी काही, त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. स्टँडपर्यंत चालत गेले.